लिनक्स टाकलं म्हणून अपडेट चुकत नाहीत

१४ ऑक्टोबर २०२५ ला मायक्रोसॉफ्टनं विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट बंद केला. विंडोज ११ ला टीपीएम २.० नावाची सुरक्षा-चिप आणि बऱ्यापैकी नवा प्रोसेसर लागतो. दहा वर्षांपूर्वी घेतलेल्या मशिनींत ते बहुधा नसतं. मग बेळगावात काय, निपाणीत काय, दुकानदार सांगतो, “फेकू नका, लिनक्स टाकून देतो.” लिनक्स म्हणजे विंडोजच्या जागी चालणारी फुकट प्रणाली. सल्ला चांगला आहे. पण त्याला जोडून आणखी एक वाक्य येतं: “ह्याला व्हायरस लागत नाही, काही करायला लागत नाही.” ह्यातला पहिला भाग पुष्कळसा खरा आहे. दुसरा साफ चुकीचा आहे, आणि त्यापायी सोसायट्या, शाळा, डीटीपीची दुकानं, छोटे कारखाने विनाकारण जोखीम घेऊन बसलेत.

एका पतसंस्थेच्या सर्व्हरवर लॉगिन केलं की पडद्यावर एक ओळ यायची. आजूबाजूला तीन-तीन फुल्या, मधे इंग्रजीत ‘सिस्टम रिस्टार्ट रिक्वायर्ड’. कितीतरी महिने ती तशीच होती. रोज बसणाऱ्या मुलाला ती कंपनीच्या नावासारखी, कायमची लिहिलेली वाटायची. विचारलं तर म्हणाला, “चालूलालंय न्हवं, मग कशाला हात लावायचा?” प्रश्न रास्त आहे आणि त्याचं नीट उत्तर त्याला कुणी कधी दिलेलं नव्हतं.

## सुरुवात: हे लिनक्स कुणाचं?

१९९१ मध्ये फिनलंडमधल्या लिनस टोर्वाल्ड्स ह्या विद्यार्थ्यानं लिहायला घेतलेला कर्नल म्हणजे लिनक्स. मेमरी, डिस्क, नेटवर्क, कीबोर्ड ह्या सगळ्यांवर हुकूम चालवणारा जो गाभा असतो त्याला कर्नल म्हणतात. त्याच्याभोवती हजारो छोटे-मोठे प्रोग्राम गोळा करून, एकमेकांशी जुळवून जो पूर्ण संच देतात त्याला डिस्ट्रो म्हणायचं. उबंटू, डेबियन, लिनक्स मिंट हे असे डिस्ट्रो. सी-डॅक ह्या सरकारी संस्थेनं तयार केलेलं ‘बॉस’ हे भारतीय डिस्ट्रोही डेबियनवरच उभं आहे.

हे सगळं ओपन सोर्स आहे, म्हणजे प्रोग्राम ज्या ओळींनी लिहिला गेला त्या ओळी कुणालाही वाचता येतात, बदलता येतात, वाटता येतात. लिहिणाऱ्यांत मोठ्या कंपन्यांचे पगारी इंजिनिअर आहेत, तसेच रात्री जेवणानंतर आवडीनं बसणारे स्वयंसेवकही आहेत. हा मुद्दा पुढे लागणार आहे.

## कच्ची जागा राहते कशी

बेळगावच्या उद्यमबागेत फाउंड्रीत काम केलेल्याला हे चटकन कळेल. पंपाच्या बॉडीचा पॅटर्न करताना एका कोपऱ्यात भिंत पातळ राहिली, तर त्या पॅटर्नवरून निघालेलं प्रत्येक कास्टिंग तिथं पातळच असतं. दिसायला सगळं ठीक असतं. मशिनिंग होतं, पंप विकले जातात, वर्षानुवर्षं पाणी ओढतात. एखाद्या दिवशी कुणीतरी ठराविक पद्धतीनं दाब देतो आणि नेमकी तीच जागा फुटते. मग एका पंपाचा प्रश्न राहत नाही, त्या पॅटर्नवरचे विकले गेलेले सगळे पंप संशयात येतात.

सॉफ्टवेअरचं अगदी असंच आहे, कारण एकाच कोडच्या लाखो हुबेहूब प्रती जगभर चालू असतात. अशा कच्च्या जागेला तंत्रज्ञ ‘व्हल्नरेबिलिटी’ म्हणतात. ती बुजवणारी दुरुस्ती म्हणजे ‘पॅच’, आणि तो पॅच तुमच्या मशीनपर्यंत येतो तेव्हा आपण त्याला ‘अपडेट’ म्हणतो. ह्यापुढे मी कच्ची जागा हाच शब्द वापरेन.

एक खरी कच्ची जागा जवळून बघू. ओपनएसएसएल हा प्रोग्राम वेबसाइट आणि तुमच्यातलं बोलणं गुप्त ठेवतो. जोडणी जिवंत आहे का हे तपासायला त्यात एक सोय आहे. तुमचं मशीन म्हणतं, “हा पाच अक्षरांचा शब्द परत पाठव.” सर्व्हर तो शब्द परत पाठवतो. २०१२ च्या आवृत्तीत एक तपासणी राहून गेली: शब्द खरंच तेवढ्या अक्षरांचा आहे का, हे सर्व्हर मोजून बघत नव्हता. त्यामुळे शब्द एका अक्षराचा पाठवून “हा ६४ हजार अक्षरांचा आहे” अशी थाप मारली, की सर्व्हर ते एक अक्षर आणि त्याच्या शेजारी मेमरीत जे काही पडलं असेल ते सगळं उचलून द्यायचा. त्यात कुणाचा पासवर्ड असेल, कुणाचा मजकूर, कधी तर सर्व्हरची गुप्त किल्लीसुद्धा. हीच ती ‘हार्टब्लीड’. ७ एप्रिल २०१४ ला ती जाहीर झाली, तोवर दोन वर्षं ती जगभरच्या सर्व्हरांवर होती. चूक किती? लांबी ताडून बघणारी एक छोटीशी तपासणी राहिली, एवढीच.

## दुरुस्ती जाहीर होते त्या दिवशी धोका वाढतो

बहुतेकांचा समज असा, की पॅच आला म्हणजे संकट टळलं. प्रत्यक्षात ज्यानं पॅच लावला नाही त्याच्यासाठी संकट त्याच दिवशी सुरू होतं.

कच्ची जागा सापडली, की शोधणारा जबाबदार माणूस आधी ती गुपचूप कोड सांभाळणाऱ्यांना कळवतो. प्रमुख डिस्ट्रोंची एक खासगी ईमेल-यादी आहे, तिथं जास्तीत जास्त १४ दिवस गुप्तता पाळायचा नियम आहे. तेवढ्यात सगळे आपापले पॅच तयार ठेवतात आणि ठरल्या दिवशी एकदम जाहीर करतात. कच्च्या जागेला एक क्रमांक मिळतो, त्याला सीव्हीई म्हणतात (ही पद्धत १९९९ पासून आहे), आणि ती किती गंभीर आहे त्याचे ० ते १० मध्ये गुण लागतात. ९ किंवा त्याहून जास्त म्हणजे अतिगंभीर. आपल्याकडे २००४ पासून काम करणारी ‘सर्ट-इन’ ही केंद्र सरकारची संस्था मग त्याचा इशारा काढते.

पण पॅच म्हणजे काय, तर ‘आधी ह्या ओळी होत्या, आता ह्या केल्या’ असा उघड हिशोब. जाणकार चोर तो वाचतो आणि जागा कुठं होती हे त्याला कळतं. त्या क्षणापासून जुनी आवृत्ती चालवणारं प्रत्येक मशीन त्याला उघडं पडलेलं असतं.

हार्टब्लीड जाहीर झाल्यावर कॅनडाच्या करखात्यानं आपली वेबसाइट बंद केली. पण तेवढ्यातच, जेमतेम सहा तासांच्या अवधीत, सुमारे ९०० करदात्यांचे ओळख क्रमांक चोरीला गेले. पुढे एका १९ वर्षांच्या मुलाला अटक झाली. २०१७ मध्ये अमेरिकेतल्या इक्विफॅक्स ह्या पतमापन कंपनीचं झालं ते ह्याहून वाईट. अपाची स्ट्रट्स ह्या ओपन सोर्स सॉफ्टवेअरचा पॅच मार्चमध्ये निघाला होता, चोर मेमध्ये शिरले, आणि सुमारे १४ कोटी ७० लाख लोकांची माहिती गेली. पॅच फुकट होता आणि दोन महिने नुसता वाट बघत होता.

म्हणून मी सतत सांगतो: कच्ची जागा कधी निर्माण झाली, ती कुणाची चूक, हे आपल्या हातात नाही. पॅच निघाल्यापासून आपण तो लावेपर्यंतचा काळ मात्र पूर्णपणे आपला आहे.

## “आमच्या एवढ्याशा सोसायटीत कोण कशाला येतंय?”

कुणी मुद्दाम येत नाही, हे खरंच. पण चोर नावं बघून शोधत नाही. २०१३ मध्ये मिशिगन विद्यापीठातल्या संशोधकांनी झेडमॅप नावाचं साधन केलं. एका साध्या सर्व्हरवरून, चांगली जोडणी असेल तर, ४५ मिनिटांच्या आत इंटरनेटवरचे जवळजवळ सगळे पत्ते (सुमारे ४०० कोटी) ठोकून बघता येतात, हे त्यांनी दाखवून दिलं. संशोधकांना जे जमतं ते चोरालाही जमतं. त्याच्या यादीत फक्त आकडे असतात: ह्या पत्त्यावर अमुक आवृत्ती चालू आहे, कच्ची आहे, पुढचा. तो पत्ता बेंगळूरूच्या बँकेचा की चिक्कोडीच्या पतसंस्थेचा, हे आत शिरल्यावर कळतं. आणि लहान संस्थेत आत शिरलेला माणूस बरेच दिवस कुणाच्या लक्षातही येत नाही, हे त्याला सोयीचंच.

## “अपडेटनंच मशीन बंद पडलं तर?”

ही भीती खोटी म्हणता येणार नाही. १९ जुलै २०२४ ला क्राउडस्ट्राइक ह्या सुरक्षा कंपनीच्या एका सदोष अपडेटनं सुमारे ८५ लाख विंडोज मशिनी एकाच दिवशी झोपवल्या, विमानतळावर माणसं अडकली. त्यानंतर कुणी “आम्ही अपडेट नाही करत” म्हणालं तर त्याला मूर्खात काढणं बरोबर नाही.

पण दोन वेगळ्या गोष्टी एकाच नावाखाली येतात. एक म्हणजे नवी आवृत्ती: उबंटू २२.०४ वरून २४.०४ वर जाणं. ह्यात बटणं हलतात, प्रिंटर रुसतो, डिजिटल सहीचा टोकन ओळखला जात नाही. ते सवडीनं, बॅकअप घेऊन, मार्चअखेरची गडबड टाळून करावं. दुसरं म्हणजे सुरक्षेचा पॅच. डेबियन आणि उबंटूची दीर्घ मुदतीची आवृत्ती असेल तर तिथं प्रोग्रामची आवृत्ती तीच ठेवतात आणि जुन्या कोडमध्ये फक्त ती एक कच्ची जागा बुजवतात. बाकी काही हलू नये म्हणूनच ते हे कष्ट घेतात.

ह्यातून एक घोळ होतो तोही सांगतो. दूरवरून मशीनमध्ये शिरायला वापरतात त्या ओपनएसएसएचमध्ये १ जुलै २०२४ ला एक गंभीर कच्ची जागा जाहीर झाली. दुरुस्ती ९.८ आवृत्तीत आहे, असं बातम्यांत होतं. उबंटू २२.०४ वर मात्र आकडा ८.९ च राहिला, फक्त शेवटी जोडलेला उबंटूचा स्वतःचा क्रमांक वाढला. ऑडिटला आलेली माणसं ८.९ बघून घाबरतात आणि मग कुणीतरी हौसेनं इंटरनेटवरून ९.८ उतरवून हातानं बसवतो. तसं करू नका. हातानं बसवलेल्या प्रोग्रामला डिस्ट्रोचे पुढचे पॅच मिळत नाहीत.

ही कच्ची जागा नवीही नव्हती. २००६ मध्येच ती एकदा बुजवली होती. २०२० मध्ये कोड आवरताना एक ओळ चुकून निघून गेली आणि ती पुन्हा उघडली. पॅटर्नवर केलेली जुनी दुरुस्ती नव्या कामगारानं घासून टाकावी तसंच झालं. क्वालिस कंपनीच्या संशोधकांनी ती शोधली.

दहा मशिनी असतील तर आधी एकीवर अपडेट लावा, दिवसभर पावत्या, प्रिंट, टोकन चालवून बघा आणि दुसऱ्या दिवशी बाकीच्यांवर लावा. काळजी ह्यापेक्षा जास्त घ्यायची गरज सहसा पडत नाही.

## “कोड सगळ्यांना दिसतो, मग चोरालाही दिसतो”

दिसतो. आणि सगळ्यांना दिसतो म्हणून सगळे वाचतात, असंही नाही. ‘डर्टी काऊ’ नावाची कर्नलमधली कच्ची जागा २००७ पासून नऊ वर्षं तशीच होती, २०१६ मध्ये सापडली. ‘पीकेएक्झेक’ ह्या छोट्या प्रोग्राममधली २००९ पासून जानेवारी २०२२ पर्यंत तशीच राहिली. “ओपन सोर्स आहे म्हणजे सुरक्षितच” असं छातीठोक सांगणाऱ्यांनी हे आकडे लक्षात ठेवावेत.

तरीही मी ओपन सोर्सच्याच बाजूनं उभा आहे, आणि त्याचं कारण मार्च २०२४ मधली एक घटना.

एक्सझेड नावाचं फाइल दाबून लहान करायचं एक साधन आहे, जवळजवळ प्रत्येक लिनक्सवर असतं. फिनलंडमधले लासे कॉलिन ते वर्षानुवर्षं जवळपास एकटे, बिनपगारी सांभाळत होते. थकले होते, तब्येतीच्या तक्रारी होत्या. २०२१ पासून ‘जिया टॅन’ ह्या नावानं कुणीतरी मदत करू लागलं. काम चांगलं, स्वभाव गोड. दुसरीकडून काही अनोळखी नावं कॉलिनना टोमणे मारू लागली, की काम जमत नसेल तर दुसऱ्याकडे द्या. हळूहळू जिया टॅनच्या हातात अधिकार आले. फेब्रुवारी २०२४ मध्ये ५.६.० आणि मार्चमध्ये ५.६.१ ही आवृत्ती निघाली. त्यांतल्या चाचणीच्या फाइलींत एक गुप्त प्रवेशद्वार दडवलेलं होतं. काही डिस्ट्रोंत ओपनएसएसएच चालू होताना एक्सझेडचा हा भागही सोबत मेमरीत येतो, त्यामुळे गुप्त किल्ली असणाऱ्याला थेट सर्व्हरवर ताबा मिळाला असता.

अँड्रेस फ्रॉइंड हे मायक्रोसॉफ्टमध्ये काम करणारे आणि पोस्टग्रेस ह्या डेटाबेसचे एक विकसक. ते डेबियनच्या अस्थिर (‘अनस्टेबल’) आवृत्तीवर दुसऱ्याच कसल्यातरी वेगाची मोजणी करत होते. लॉगिनला नेहमीपेक्षा सुमारे अर्धा सेकंद जास्त लागतोय, एवढंच त्यांना दिसलं. दुसऱ्या कुणी सोडून दिलं असतं. त्यांनी धागा धरला, ओढत गेले आणि २९ मार्च २०२४ ला सगळं जाहीर केलं. गंभीरतेचे गुण मिळाले १० पैकी १०. डेबियनच्या स्थिर आवृत्तीपर्यंत ते पोचलं नव्हतं. उबंटू २४.०४ ची चाचणी आवृत्ती आठवडाभर लांबवून, तो कोड आल्यानंतर तयार झालेले सगळे भाग नव्यानं बांधले गेले.

कोड बंद कपाटात असता तर फ्रॉइंड ह्यांना तो अर्धा सेकंद दिसला असता, पण त्याच्यामागं जाता आलं नसतं. हा ओपन सोर्सचा खरा फायदा. आणि तोटाही त्याच गोष्टीत आहे: जगभरचे सर्व्हर ज्यावर टेकलेत ते काम एका दमलेल्या माणसाच्या खांद्यावर होतं. फुकट वापरणाऱ्या आपण सगळ्यांनी, विशेषतः ह्या सॉफ्टवेअरवर पैसे कमावणाऱ्या कंपन्यांनी, ह्याची लाज बाळगायला हवी.

आपल्यासाठी अर्थ इतकाच, की कामाच्या मशीनवर स्थिर आवृत्ती ठेवा. ‘सगळ्यात ताजं’ हे घरी शिकायला ठीक आहे.

## अपडेट उतरलं, पण लागू झालं नाही

आता त्या रिस्टार्टच्या ओळीकडे येऊ. उबंटू सुरक्षेचे पॅच बहुधा रोज आपोआप उतरवून बसवतं. पण बसवणं म्हणजे डिस्कवरची फाइल बदलणं. जो प्रोग्राम आधीच चालू आहे तो मेमरीतली जुनीच प्रत वापरत राहतो, आणि कर्नल तर मशीन बंद होऊन चालू झाल्याशिवाय बदलतच नाही. (न थांबता कर्नल बदलणारी ‘लाइव्हपॅच’ ही सोय आहे, पण ती वेगळी चालू करावी लागते आणि सगळंच त्यात बसत नाही.) उबंटू स्वतःहून रिस्टार्ट घेत नाही, ते काम तुमच्यावर सोपवतं. म्हणजे त्या पतसंस्थेत पॅच महिनोन् महिने येऊन पडत होते, आणि कर्नलसाठी त्यांतला एकही लागू झालेला नव्हता. शनिवारी व्यवहार संपल्यावर पाच मिनिटं काढली असती तर पुरलं असतं.

लिनक्स मिंटमध्ये उलट आहे. तिथं आपोआप अपडेट मुळात बंदच असतात. खालच्या पट्टीवर ढालीचं चिन्ह दिसतं, ते दाबून अपडेट मॅनेजर उघडावा लागतो. त्याच्या सेटिंगमध्ये ‘ऑटोमेशन’ म्हणून भाग आहे, तिथं एकदा खूण करून ठेवा.

## लाईट आणि नेट

खानापूरच्या पलीकडे, जांबोटी-कणकुंबीच्या बाजूला, नेटची रड असते, आणि लाईट कधी जाईल सांगता येत नाही. तिथल्या शाळेला “रोज अपडेट करा” म्हणणं सोपं नाही. पण वीस मशिनींच्या लॅबमध्ये प्रत्येकीनं तेच वीसदा उतरवायची गरज नाही. ‘एपीटी-कॅशर-एनजी’ हा फुकट प्रोग्राम एका मशीनवर बसवला, की अपडेट बाहेरून एकदाच येतं आणि बाकीच्या त्याच्याकडून घेतात. फाइल कुठूनही आली तरी डिस्ट्रोनं डिजिटल सही केलेल्या यादीशी मशीन ती ताडून बघतं, मधे कुणी फेरफार केला असेल तर नाकारतं. अपडेट चालू असताना लाईट गेली तर बहुतेक वेळा काही बिघडत नाही. प्रोग्राम बसवणाऱ्या ‘डीपीकेजी’ला अर्धवट काम पूर्ण करण्याचा आदेश देता येतो, लॅबच्या सरांनी तेवढा एक आदेश भिंतीवर लिहून ठेवावा.

## ज्यांना अपडेट येतच नाहीत

प्रत्येक आवृत्तीची मुदत असते. सेंटओएस ७ ची ३० जून २०२४ ला संपली, उबंटू २०.०४ चा नेहमीचा सपोर्ट मे २०२५ मध्ये. दोन्ही अजून कितीतरी ठिकाणी चालू असतील, आणि चालूच राहतील, कारण मुदत संपली म्हणून मशीन थांबत नाही. उबंटू २४.०४ आणि त्यावर आधारलेलं मिंट २२ हे २०२९ पर्यंत चालतील. तुमचा फोनही लिनक्सच्याच कर्नलवर चालतो. सेटिंगमध्ये अँड्रॉइडच्या आवृत्तीशेजारी ‘सिक्युरिटी अपडेट’ची तारीख असते. ती दोन वर्षांपूर्वीची असेल तर त्या फोनवर बँकेचं ॲप ठेवू नये, असं मला वाटतं.

सगळ्यात दुर्लक्षित आहे तो दुकानातल्या कोपऱ्यातला सीसीटीव्हीचा डीव्हीआर, आणि वायफायचा राउटर. त्यांत बहुतेक वेळा लिनक्सच असतं, बसवणारा निघून जातो आणि नंतर कुणी त्याकडे बघत नाही. २०१६ मध्ये ‘मिराई’ नावाच्या प्रोग्रामनं अशीच लाखो उपकरणं पकडली, कारखान्यातून आलेले पासवर्ड वापरून. २१ ऑक्टोबर २०१६ ला त्यांच्या एकत्रित माऱ्यानं साइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधून देणाऱ्या ‘डाइन’ (Dyn) ह्या कंपनीची सेवा कोलमडली आणि अमेरिकेत ट्विटर, नेटफ्लिक्ससारख्या साइट्स काही तास बंद पडल्या. त्या डीव्हीआरच्या मालकांना आपलं यंत्र त्यात होतं हे कळलंही नसेल.

डीव्हीआरचा पासवर्ड आजच बदला. बाहेरून मोबाइलवर बघायची गरज नसेल तर त्याची इंटरनेटची वाट बंद करून घ्या. आपल्याकडे एप्रिल २०२५ पासून नव्या सीसीटीव्ही कॅमेऱ्यांना सुरक्षा-चाचणी सक्तीची आहे, त्यामुळे नवा संच घेताना त्याचं प्रमाणपत्र मागा. आणि सुरक्षेचे अपडेट किती वर्षं मिळणार, हे दुकानदाराकडून वॉरंटीच्या शेजारी बिलावरच लिहून घ्या.